नाळेतील रक्त : त्यातील मूलकोशिका व त्यांचे उपयोग

(बीड जिल्ह्याच्या संदर्भात ऐतिहासिक आढावा)

अपत्यजन्मानंतर नाळ (नाभिरज्जू) कापल्यावर तिच्यात व वारेत (अपरेत) शिल्लक राहणाऱ्या गर्भाच्या रक्ताला नाळेतील रक्त किंवा नाभिरज्जु-रक्त असे म्हणतात. हे रक्त मातेचे नसून बालकाचे असते. पूर्ण दिवसांच्या प्रसूतीनंतर ते साधारणपणे ५० ते १५० मिलि. मिळू शकते. रक्तातील सर्व प्रकारच्या कोशिका (पेशी) निर्माण करणाऱ्या मूलकोशिका त्यात असल्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याला वैद्यकात महत्त्व प्राप्त झाले. त्यापूर्वी वारेबरोबर ते टाकून दिले जाई किंवा पुरले जाई.

नाभिरज्जूची लांबी सु. ५० ते ६० सेंमी. असते. तिच्यात दोन रोहिण्या व एक नीला असून त्यांभोवती बुळबुळीत लगदा असतो. थॉमस व्हार्टन ह्या इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञांच्या नावाने तो ओळखला जातो. सामान्यतः नीलांमधून अशुद्ध रक्त वाहते. येथे मात्र नीला वारेकडून ऑक्सिजन व पोषक द्रव्ये यांनी युक्त असे रक्त गर्भाकडे आणते, तर रोहिण्या गर्भाचे अशुद्ध रक्त वारेकडे नेतात.

नाळ व लोकजीवन : नाळ कापण्याविषयीचे नियम भारतीय वैद्यकात फार प्राचीन काळापासून आढळतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नाभिनाडी आठ अंगुळे मोजून सूत्राने बांधावी व मग कापावी, असे सांगितले आहे. चरकसंहितेतही आठ अंगुळांचेच माप असून कापण्यासाठी धारदार शस्त्र वापरावे असा निर्देश आहे. नाळ कापण्याची घाई बालकाला अपायकारक ठरते, हे एरॅस्मस डार्विन ह्या इंग्रज वैद्यांनी १८०१ मध्ये नमूद केले होते. त्यांच्या मते बालकाचा श्वासोच्छ्वास नीट सुरू होईपर्यंत व नाळेतील स्पंदन थांबेपर्यंत वाट पाहणे इष्ट होय. ह्या मताकडे पुढे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले.

महाराष्ट्राच्या अन्य ग्रामीण भागांप्रमाणे बीड जिल्ह्यातही प्रसूती घरी, सुईणीच्या हातून होत असे. नाळ कापण्यासाठी विळा, पाते किंवा हाती येईल ते धारेचे साधन वापरीत. वार घराच्या आवारात पुरीत. एखाद्या गावाशी असलेला जन्मसंबंध ‘नाळ तेथे पुरली आहे’ अशा शब्दांत सांगण्याची पद्धत ह्याच चालीतून आलेली आहे. पाचव्या दिवशी पाचवी पुजली जाई आणि सटवाई बालकाचे भवितव्य लिहून जाते, अशी समजूत असे. अस्वच्छ साधनाने नाळ कापल्यास किंवा जखमेवर माती, शेण, राख यांसारखे पदार्थ लावल्यास नवजाताला धनुर्वात होतो. त्याची लक्षणे बहुधा जन्मानंतर ३ ते १४ दिवसांत दिसू लागतात. त्यामुळे पाचवीच्या सुमाराचा काळ घरच्यांना खरोखरीच धास्तीचा वाटे. गरोदर स्त्रियांना धनुर्वातप्रतिबंधक लस, सुईणींना प्रशिक्षण, निर्जंतुक पाते व दोरा यांचा पुरवठा आणि रुग्णालयातील प्रसूती यांमुळे ह्या रोगाचे प्रमाण घटत गेले. भारतातून माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये प्रमाणित झाले. नाळेच्या वैद्यकीय इतिहासातील ही सर्वांत मोठी उपलब्धी होय. तिच्यासाठी प्रशीतक किंवा प्रयोगशाळा लागली नाही. स्वच्छ पाते, लस आणि प्रशिक्षित हात एवढ्यांवर ती साधली.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी काही काळ अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात अध्यापन केले होते. १९७०–८० च्या दशकात त्याच गावी ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व त्याला त्यांचे नाव देण्यात आले. जिल्ह्याच्या दक्षिण भागातील गुंतागुंतीच्या प्रसूतींसाठी ह्या महाविद्यालयाचे रुग्णालय हा मोठा आधार ठरला.

मूलकोशिकांचा शोध : रक्तकोशिका हाडांतील मज्जेत तयार होतात, हे अर्न्स्ट नॉइमान ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६८ मध्ये दाखविले. इटलीचे जूल्यो बित्सोत्सेरो हेही त्याच सुमारास ह्या निष्कर्षाप्रत आले. सर्व रक्तकोशिकांचा उगम एकाच प्रकारच्या आद्य कोशिकेपासून होत असावा, अशी कल्पना रशियन शास्त्रज्ञ अलेक्सांदर माक्सिमॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मांडली. तथापि तिला प्रायोगिक आधार मिळण्यास अर्धशतक लागले.

१९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी ह्या शहरांवर अणुबाँब टाकल्यानंतर किरणोत्सर्गाने मज्जा नष्ट होते व त्यामुळे मृत्यू ओढवतो, हे स्पष्ट झाले. ह्या अनुभवातून मज्जेवरील संशोधनाला वेग आला. उंदराची प्लीहा (पाणथरी) शिशाच्या आवरणाने झाकल्यास तो घातक किरणांतूनही वाचतो, असे लिऑन जेकबसन यांना १९४९ मध्ये आढळले. दुसऱ्या प्राण्याची मज्जा टोचूनही हाच परिणाम साधतो, असे त्यानंतर लवकरच दिसून आले. १९६१ मध्ये टोराँटो येथील जेम्स टिल व अर्नेस्ट मॅक्युलॉक यांनी किरणित उंदरांना मज्जाकोशिका टोचल्या व त्यांच्या प्लीहेत उत्पन्न झालेल्या गाठींचा अभ्यास केला. अशी प्रत्येक गाठ एकाच कोशिकेपासून बनते हे पुढे सिद्ध झाले. स्वतःसारख्या कोशिका निर्माण करीत राहणे आणि भिन्न प्रकारच्या कोशिकांत रूपांतरित होणे, ही मूलकोशिकेची दोन लक्षणे ह्या प्रयोगांतून निश्चित झाली.

अमेरिकेतील ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये मानवी अस्थिमज्जा-प्रतिरोपणाचे पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले. ह्या कार्याबद्दल त्यांना १९९० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दाता व ग्राही यांच्या ऊतकांची (कोशिकासमूहांची) जुळणी ठरविणाऱ्या प्रतिजनांचा शोध फ्रान्सचे झां दोसे यांनी १९५८ मध्ये लावला. ह्या ज्ञानाच्या आधारे १९६८ पासून जुळणाऱ्या भावंडांची मज्जा वापरून यशस्वी प्रतिरोपणे होऊ लागली. भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा-प्रतिरोपण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रोगी ९ वर्षांची मुलगी असून तिला तीव्र रक्तार्बुद (रक्ताचा कर्करोग) झाला होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार १९८६ मध्ये सुरू झाले.

नाळेतील रक्ताकडे लक्ष : गर्भावस्थेत रक्तनिर्मितीचे स्थान बदलत जाते. प्रथम पीतक कोशात, नंतर यकृतात व गर्भावस्थेच्या उत्तरार्धात मुख्यत्वे मज्जेत रक्त तयार होते. ह्या स्थलांतरामुळे जन्माच्या वेळी बालकाच्या वाहत्या रक्तात मूलकोशिका मोठ्या प्रमाणात आढळतात. जन्मानंतर हे प्रमाण झपाट्याने घटते. म्हणूनच नाळ कापण्याचा क्षण ह्या दृष्टीने महत्त्वाचा असतो.

वारेतील रक्त साध्या रक्ताधानासाठी वापरण्याचे प्रयत्न १९३०–४० च्या दशकात झाले होते. १९७२ मध्ये अमेरिकेतील एंडे बंधूंनी रक्तार्बुद झालेल्या एका मुलाला अनेक बालकांच्या नाळेतील रक्त दिल्याचे प्रसिद्ध केले. परंतु त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९७४ मध्ये क्नुटसन ह्या डॅनिश संशोधकांनी नाळेतील रक्तातील कोशिका प्रयोगशाळेत वाढवून त्यांपासून कोशिकांचे समूह तयार होतात, हे दाखविले. इंडियाना विद्यापीठातील हॅल ब्रॉक्समायर व त्यांचे सहकारी यांनी १९८०–९० च्या दशकात अशा अनेक नमुन्यांची तपासणी केली. एका बालकाच्या नाळेतील रक्त प्रतिरोपणास पुरेसे ठरू शकते व ते गोठवून दूरवर नेता येते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमान यांनी नाळेतील रक्ताचे पहिले प्रतिरोपण केले. रोगी पाच वर्षांचा अमेरिकन मुलगा होता. त्याला फॅन्कोनी पांडुरोग हा मज्जा निकामी करणारा आनुवंशिक रोग होता. त्याच्या मातेच्या पुढील गर्भाची जन्मपूर्व तपासणी न्यूयॉर्क येथे करण्यात आली. तो गर्भ रोगमुक्त असून त्याची ऊतके भावाशी जुळतात, असे तीत आढळले. जन्मलेल्या मुलीच्या नाळेतील रक्त गोठवून इंडियानाला व तेथून पॅरिसला नेण्यात आले. प्रतिरोपणानंतर मुलाच्या शरीरातील रक्तनिर्मिती बहिणीच्या कोशिकांपासून होऊ लागली. हा वृत्तांत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. हा मुलगा पुढे प्रौढ वयापर्यंत निरोगी राहिला.

ह्याच वर्षी महाराष्ट्रात घडलेली एक घटना येथे लक्षात घेण्यासारखी आहे. जन्मपूर्व तपासणीचा उपयोग गर्भलिंग ओळखून स्त्रीगर्भ नष्ट करण्यासाठी होऊ लागल्यामुळे तिच्यावर नियंत्रण ठेवणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्र राज्याने १९८८ मध्ये संमत केला. संपूर्ण देशासाठीचा कायदा १९९४ मध्ये झाला, १९९६ मध्ये अंमलात आला व २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला. बीड जिल्ह्यात ० ते ६ वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८९४ होती; ती २०११ मध्ये ८०७ झाली. ही महाराष्ट्रातील सर्व जिल्ह्यांत नीचतम होती. जन्मपूर्व तपासणीच्या तंत्राने एके ठिकाणी बहिणीचा जन्म भावाच्या जीवदानास कारण झाला. दुसरीकडे त्याच ज्ञानशाखेतील तंत्रांनी बहिणींचा जन्मच रोखला गेला. नाळेतील मूलकोशिकांच्या संख्येत वा गुणांत मुलगा व मुलगी असा भेद करण्यास कोणताही आधार नाही आणि प्रतिरोपणासाठी सर्वांत उपयुक्त दाता म्हणजे जुळणारे भावंड हाच होय. ह्यामुळे ह्या विषयाच्या इतिहासात वरील आकडे अप्रस्तुत ठरत नाहीत.

मूलकोशिकांचे प्रकार : नाळेतील रक्तात पुढील प्रकारच्या मूलकोशिका वा त्यांच्या निकटच्या कोशिका आढळतात.

(१) रक्तजनक मूलकोशिका : तांबड्या कोशिका, श्वेत कोशिका आणि बिंबाणू (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म चकत्या) ह्या सर्वांची उत्पत्ती यांपासून होते. त्यांच्या पृष्ठभागावरील ‘सीडी ३४’ ह्या चिन्हक प्रथिनावरून त्या ओळखतात. अणुकेंद्रयुक्त कोशिकांत त्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी असते. प्रौढाच्या मज्जेतील अशा कोशिकांच्या तुलनेत त्यांची विभाजनक्षमता अधिक असते. नाळेतील रक्ताचे सिद्ध झालेले सर्व उपयोग प्रामुख्याने ह्याच कोशिकांवर अवलंबून आहेत.

(२) मध्यजनक मूलकोशिका : ह्यांपासून अस्थी, उपास्थी (कूर्चा) व वसा यांच्या कोशिका बनू शकतात. नाळेतील रक्तात त्या अत्यल्प असतात व प्रत्येक नमुन्यात मिळतातच असे नाही. नाभिरज्जूतील व्हार्टन लगद्यात मात्र त्या विपुल असतात.

(३) अंतःस्तर-जनक कोशिका : ह्या रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर तयार करतात. नाळेतील रक्तात अशा अतिशय वेगाने वाढणाऱ्या कोशिका असतात, असे इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये दाखविले.

(४) बहुक्षम कोशिका : जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फ येथील गेजीन कोग्लर व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये अस्थी, यकृत, मज्जातंतू इत्यादींच्या कोशिकांत रूपांतरित होऊ शकणाऱ्या विरळ कोशिकांचे वर्णन केले. भ्रूणसदृश अतिसूक्ष्म कोशिकाही नाळेतील रक्तात असल्याचे काही संशोधक मानतात. त्यांविषयी मतभेद आहेत. ह्या गटावर आधारित असा कोणताही मान्यताप्राप्त उपचार नाही.

संकलन व शीतसंरक्षण : बालक जन्मल्यावर नाळेला चिमटा लावून ती कापतात आणि तिच्या वारेकडील भागातील नीलेत सुई घालून रक्त गोठणरोधक द्रव असलेल्या पिशवीत वाहू देतात. ह्यात माता वा बालक यांना वेदना होत नाहीत. नंतर संसर्गजन्य रोगांची तपासणी, कोशिकागणना व ऊतकप्रकार-निश्चिती करतात. तांबड्या कोशिका व रक्तद्रव यांचा बराच भाग काढून टाकल्यावर उरलेल्या कोशिकांत डायमिथिल सल्फॉक्साइड मिसळतात. त्यामुळे बर्फाचे स्फटिक होऊन कोशिका फुटत नाहीत. तापमान क्रमाक्रमाने उतरवून शेवटी द्रवरूप नायट्रोजनात −१९६° से. तापमानाला पिशवी ठेवतात. दोन दशकांहून अधिक काळ ठेवलेल्या नमुन्यांतील मूलकोशिकाही कार्यक्षम असल्याचे ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगांत आढळले.

ह्या क्षेत्रात महाराष्ट्रातील संशोधनाचाही वाटा आहे. पुणे येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राची स्थापना १९८६ मध्ये राष्ट्रीय ऊतक व कोशिका संवर्धन सुविधा म्हणून झाली. तेथील ललिता लिमये व वैजयंती काळे यांनी गोठविण्याच्या माध्यमात कोशिकापटलाला स्थैर्य देणारे व ऑक्सिडीकरण रोखणारे पदार्थ घातल्यास रक्तजनक कोशिका अधिक चांगल्या टिकतात, असे दाखविले. त्यांचे हे संशोधन २००१ पासून प्रसिद्ध होत गेले.

उपयोग : नाळेतील रक्ताचे प्रतिरोपण हे अस्थिमज्जा-प्रतिरोपणाला पर्यायी असे उपचार आहेत. तीव्र रक्तार्बुद, मज्जा निकामी होण्याचे रोग, जन्मजात प्रतिरक्षा-न्यूनता, थॅलसीमिया, दात्रकोशिका पांडुरोग (सिकलसेल) आणि हर्लर रोग व क्राबे रोग यांसारखे चयापचयाचे काही आनुवंशिक विकार यांवर ते करतात. प्रथम तीव्र औषधांनी अथवा किरणांनी रोग्याची मूळ मज्जा नष्ट करतात. नंतर वितळविलेले रक्त नीलेतून देतात. मूलकोशिका आपोआप मज्जेत पोहोचतात व काही आठवड्यांत रक्तनिर्मिती सुरू होते.

दुसऱ्या व्यक्तीच्या मज्जेच्या तुलनेत ह्या रक्ताचे काही फायदे आहेत. ते आधीच साठविलेले असल्यामुळे तातडीने उपलब्ध होते. त्यातील प्रतिरक्षा-कोशिका अननुभवी असल्यामुळे ऊतकांची जुळणी काहीशी अपुरी असली, तरी चालते. रोपित कोशिकांनी रोग्याच्या ऊतकांवर हल्ला करण्याचा धोकाही कमी असतो. ह्याउलट कोशिकांची संख्या मर्यादित असणे, रक्तनिर्मिती सुरू होण्यास विलंब लागणे व त्या अवधीत संसर्गाचा धोका असणे हे मुख्य तोटे होत. रोग्याच्या वजनाच्या दर किग्रॅ.मागे किमान सु. २.५ कोटी अणुकेंद्रयुक्त कोशिका आवश्यक मानतात. म्हणजे १५ किग्रॅ. वजनाच्या बालकास सु. ३७.५ कोटी, तर ६० किग्रॅ. वजनाच्या प्रौढास सु. १५० कोटी कोशिका लागतात. एका नाळेतून मिळणाऱ्या कोशिका बहुधा बालकाला पुरतात, प्रौढाला पुरतातच असे नाही. ह्यावर उपाय म्हणून मिनेसोटा विद्यापीठात दोन बालकांच्या नाळेतील रक्त एकत्रित देण्याची पद्धत विकसित झाली. प्रयोगशाळेत कोशिकांची संख्या वाढवून तयार केलेल्या एका उत्पादनास अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

एड्‌सच्या विषाणूला प्रतिकार करणारे जनुकीय वैशिष्ट्य असलेल्या नाळेतील रक्ताचे प्रतिरोपण रक्तार्बुद झालेल्या एका स्त्रीवर २०१७ मध्ये करण्यात आले. त्यानंतर तिच्या शरीरात तो विषाणू आढळेनासा झाल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, मधुमेह इ. विकारांवरील उपयोग मात्र प्रायोगिक अवस्थेत असून ते सिद्ध झालेले नाहीत.

पेढ्या : १९९२-९३ मध्ये न्यूयॉर्क रक्तकेंद्रात पाब्लो रूबिन्स्टाइन यांच्या पुढाकाराने नाळेतील रक्ताची पहिली सार्वजनिक पेढी सुरू झाली. मिलान व ड्यूसेलडॉर्फ येथेही त्याच सुमारास पेढ्या निघाल्या. तेथे दान केलेले रक्त जुळणाऱ्या कोणत्याही रोग्यास मिळू शकते. नाते नसलेल्या दात्याच्या अशा रक्ताचे पहिले प्रतिरोपण १९९३ मध्ये ड्यूक विद्यापीठात जोॲन कुर्ट्‌झबर्ग यांनी केले. त्यानंतर जगात एकूण ४०,००० हून अधिक प्रतिरोपणे झाली.

सार्वजनिक पेढ्यांच्या जोडीने खाजगी पेढ्याही वाढल्या. त्यांत पालक शुल्क भरून आपल्याच बालकासाठी रक्त साठवितात. भारतात एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून मुंबई, चेन्नई, दिल्ली इ. ठिकाणी अशा पेढ्या निघाल्या व त्यांच्या जाहिराती लहान शहरांतील प्रसूतिगृहांपर्यंत पोहोचल्या. २०११ च्या अखेरीस औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत दुरुस्ती करून ह्या पेढ्यांसाठी परवाना व निकष ठरविण्यात आले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मूलकोशिकांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांची सुधारित रूपे २०१३ व २०१७ मध्ये आली. स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळेतील रक्त साठविण्यास शास्त्रीय आधार नाही, असे परिषदेने स्पष्ट केले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१८ च्या निवेदनानुसार पहिल्या २० वर्षांत स्वतःचेच रक्त उपयोगी पडण्याची शक्यता २,५०० मध्ये १ ते २,००,००० मध्ये १ इतकीच असते.

ह्याचे कारण सोपे आहे. थॅलसीमियासारखा रोग आनुवंशिक असल्यामुळे बालकाच्या स्वतःच्या नाळेतील कोशिकांतही तोच दोष असतो. बालपणीच्या रक्तार्बुदात विकृतीची सुरुवात अनेकदा जन्मापूर्वीच झालेली असते. त्यामुळे अशा रोग्यास दुसऱ्याच्या निरोगी कोशिकांचीच गरज असते. घरात असा रोगी आधीच असेल, तर पुढील भावंडाच्या नाळेतील रक्त राखून ठेवणे मात्र युक्त ठरते. खाजगी पेढ्यांच्या शुल्कामुळे जी आशा विकत घेतली जाते, तिचे शास्त्रीय मूल्य ह्या भेदावर अवलंबून आहे.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती : बालाघाटच्या डोंगराळ, पर्जन्यछायेच्या प्रदेशातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज इ. तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पतिपत्नीची जोडी ‘कोयता’ म्हणून मोजली जाते व मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल हंगामभर फेडावी लागते. गरोदर स्त्रियाही ह्या तोडीत असतात. काहींची प्रसूती कारखान्याच्या परिसरातील कोप्यांवर किंवा फडाजवळ होते. ह्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे उघड झाल्यावर राज्य शासनाने २०१९ मध्ये चौकशी समिती नेमली. सर्वेक्षण केलेल्या सु. ८२,००० स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. अपुरी माहिती व भीती यांच्या आधारे घेतलेला वैद्यकीय निर्णय किती महाग पडतो, ह्याचे हे उदाहरण होय.

अशा लोकसमूहाच्या दृष्टीने नाळेतील रक्ताचा सर्वांत निश्चित उपयोग वेगळाच आहे. जन्मानंतर लगेच नाळ न कापता १ ते ३ मिनिटे थांबल्यास वारेतील सु. ८० ते १०० मिलि. रक्त बालकाकडेच जाते व त्याला पुढील काही महिने पुरेल इतके लोह मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने ह्या पद्धतीची शिफारस केली आहे. एरॅस्मस डार्विन यांच्या निरीक्षणाला अशा प्रकारे दोन शतकांनी मान्यता मिळाली. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी सु. ६९ टक्के बालके पांडुरोगी आढळली. ही परिस्थिती पाहता ह्या दोन-तीन मिनिटांचे महत्त्व ध्यानात येते. पेढीसाठी अधिक रक्त मिळावे म्हणून नाळ लवकर कापणे हे ह्या शिफारशीविरुद्ध जाते. संकलनासाठी नाळ कापण्याची वेळ बदलू नये, असे तज्ज्ञ संघटनांचे मत आहे. ह्या पद्धतीस खर्च नाही व उपकरण लागत नाही. ग्रामीण रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा प्रशिक्षित परिचारिकेच्या हातून घरीही ती अवलंबिता येते.

प्रतिरोपणाची गरज असलेल्या रोग्याला मात्र जिल्ह्याबाहेर जावे लागते. निर्जंतुक कक्ष, तज्ज्ञांचा चमू व दीर्घकाळचे वास्तव्य यांमुळे हे उपचार मुंबई, पुणे, वेल्लोर अशा मोठ्या केंद्रांतच होतात. मुंबई महानगरपालिकेचे बोरिवली येथील केंद्र थॅलसीमिया झालेल्या बालकांसाठी कार्य करते. कोल इंडिया कंपनीच्या साहाय्याने २०१७ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून पात्र थॅलसीमियाग्रस्त बालकाच्या प्रतिरोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत दिली जाऊ लागली. ऐच्छिक मज्जादात्यांची ‘दात्री’ ही नोंदणी संस्था २००९ मध्ये चेन्नईत स्थापन झाली. ऊतकप्रकार वंशपरंपरेने ठरत असल्यामुळे मराठवाड्यातील रोग्याला जुळणारा दाता आपल्याच प्रदेशात मिळण्याची शक्यता अधिक असते; म्हणून अशा नोंदणीत ग्रामीण भागातील दात्यांचा समावेश महत्त्वाचा ठरतो.

सद्यःस्थिती : अर्धवट जुळणाऱ्या नातेवाइकाची (माता, पिता, अपत्य) मज्जा वापरण्याच्या पद्धती २००८ नंतर सुधारल्या व त्यांचा प्रसार झाला. त्यामुळे अनेक देशांत नाळेतील रक्ताच्या प्रतिरोपणांची संख्या घटली आहे. जपानमध्ये मात्र त्यांचे प्रमाण मोठे आहे. दात्रकोशिका पांडुरोग व थॅलसीमिया यांवर रोग्याच्या स्वतःच्याच मूलकोशिकांतील जनुकात बदल करणाऱ्या उपचारांना ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये व अमेरिकेतही मान्यता मिळाली. तथापि त्यांचा खर्च अतिशय मोठा आहे. जुळणारा दाता न मिळणाऱ्या बालकांसाठी व चयापचयाच्या काही विकारांसाठी नाळेतील रक्ताचे महत्त्व कायम आहे. ते कोणासाठी राखून ठेवावे हा प्रश्न बहुतेक प्रसूतींमध्ये उद्‌भवतच नाही, कारण त्याचा पहिला अधिकारी नुकतेच जन्मलेले बालकच असते.